अमेरिकेत पदवी पूर्ण झाल्यानंतर काम करण्याची परवानगी: ओपीटीचा अर्ज, तारखांचा हिशेब आणि घरच्यांनी लक्षात ठेवायच्या गोष्टी

ठाणे आणि नवी मुंबईतून अमेरिकेत एम.एस. करायला गेलेल्या मुलामुलींचे शेवटचे सत्र सुरू झाले की घरून फोनवर एकच प्रश्न वारंवार विचारला जातो, आणि तो म्हणजे नोकरी लागली का. त्याच्या आधी विचारायचा प्रश्न असा आहे की, आय-२० वर, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या प्रवेशाच्या अधिकृत प्रमाणपत्रावर, अभ्यासक्रम संपण्याची तारीख कोणती छापलेली आहे? पदवीनंतर अमेरिकेत काम करण्याची परवानगी मिळवण्याचा सगळा हिशेब त्या एका तारखेपासून पुढे-मागे मोजला जातो. नोकरी उशिरा मिळाली तर मार्ग निघू शकतो, पण अर्जाची मुदत एकदा टळली की ती परत मिळत नाही. म्हणून हा लेख विद्यार्थ्यांइतकाच त्यांच्या आईवडिलांसाठीही लिहिला आहे.

परवानगीचे स्वरूप

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला पदवीशी थेट संबंध असलेल्या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करण्याची जी मुभा मिळते, तिला ऑप्शनल प्रॅक्टिकल ट्रेनिंग, म्हणजेच ओपीटी म्हणतात. ती शिक्षणाच्या प्रत्येक पातळीवर १२ महिने मिळते. एम.एस. नंतर ती वापरली आणि पुढे पीएच.डी. केली तर पुन्हा मिळते, मात्र दुसरे एम.एस. केले तर पुन्हा मिळत नाही. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या गटातील, म्हणजे ज्याला सर्वजण स्टेम म्हणतात त्या गटातील पदवी असेल, तर या १२ महिन्यांना आणखी २४ महिन्यांची जोड मिळू शकते.

शिकत असताना केलेल्या कामाची परवानगी, म्हणजे सीपीटी, पूर्णवेळ स्वरूपात १२ महिने किंवा त्याहून अधिक वापरली असेल, तर त्या पातळीवरचा ओपीटीचा हक्क संपतो. अर्धवेळ सीपीटीचा असा परिणाम होत नाही. पहिल्याच सत्रापासून पूर्णवेळ सीपीटी देऊ करणाऱ्या संस्थांच्या जाहिराती वाचताना हा नियम डोळ्यांसमोर ठेवावा.

तारखांचा हिशेब

अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या तारखेच्या ९० दिवस आधीपासून ते त्या तारखेनंतर ६० दिवसांपर्यंत करता येतो. समजा, आय-२० वर १५ मे २०२७ ही तारीख आहे. मग अर्जाची खिडकी १४ फेब्रुवारी २०२७ रोजी उघडते आणि १४ जुलै २०२७ रोजी बंद होते. शेवटच्या दिवसापर्यंत अर्ज अमेरिकी इमिग्रेशन खात्याच्या, म्हणजे यूएससीआयएसच्या हाती पडलेला असावा लागतो. त्या दिवशी टपालात टाकलेला अर्ज वेळेत आला असे धरले जात नाही.

या खिडकीच्या आत आणखी एक छोटी मुदत आहे आणि अनेकांचे तिच्याकडेच दुर्लक्ष होते. विद्यापीठातील आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांचे काम पाहणारा अधिकारी, ज्याला डीएसओ म्हणतात, तो सेव्हिस या सरकारी संगणक प्रणालीत ओपीटीची शिफारस नोंदवतो आणि शिफारस छापलेली नवी आय-२० देतो. ती नोंद झाल्यापासून ३० दिवसांच्या आत अर्ज पोहोचला पाहिजे. शिफारस आज घेऊन ठेवू आणि अर्ज सवडीने भरू, असे ठरवले तर मोठी खिडकी उघडी असतानाही अर्ज नाकारला जाऊ शकतो. शिफारस नोंदवण्याआधी भरलेला अर्जही टिकत नाही. त्यामुळे क्रम असा ठेवावा: आधी डीएसओकडे मागणी, मग नवी आय-२०, तिच्यावर स्वतःची सही आणि शक्यतो त्याच आठवड्यात अर्ज.

अर्ज करताना विद्यार्थी अमेरिकेतच असला पाहिजे. शेवटची परीक्षा देऊन मुलगी लगेच डोंबिवलीला आली आणि इथून अर्ज भरू म्हणाली, तर ते नियमात बसत नाही.

काम सुरू करण्याची तारीख निवडताना

अर्जात ओपीटी सुरू होण्याची इच्छित तारीख द्यावी लागते. ती अभ्यासक्रम संपल्यानंतरच्या दिवसापासून ६० दिवसांच्या आतली असावी लागते, म्हणजे वरच्या उदाहरणात १६ मे ते १४ जुलै यांमधली. माझ्या मते या सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत जास्त विचार इथे करावा, कारण बाकी बहुतेक गोष्टी नियमाने ठरलेल्या असतात आणि हा निर्णय मात्र विद्यार्थ्याला स्वतः घ्यायचा असतो.

हातात नोकरीचे पत्र असेल आणि कंपनीला जूनच्या पहिल्या आठवड्यात माणूस हवा असेल, तर लवकरची तारीख द्यावी आणि अर्जही खिडकी उघडताच करावा. नोकरी अजून शोधायची असेल, तर तारीख जुलैकडे ढकलणे फायद्याचे ठरते. याचे कारण असे की पहिल्या १२ महिन्यांच्या ओपीटीत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त काळ बेरोजगार राहता येत नाही, आणि हे दिवस मंजुरीनंतर मिळणाऱ्या कामाच्या परवानगीच्या कार्डावर छापलेल्या सुरुवातीच्या तारखेपासून मोजले जातात. शनिवार, रविवार आणि सुट्ट्याही त्यात धरल्या जातात. १६ मेऐवजी १४ जुलै ही तारीख घेतली, तर नोकरी शोधायला जवळजवळ दोन महिने जास्त मिळतात आणि त्यांतला एकही दिवस त्या ९० दिवसांत मोजला जात नाही.

मात्र तारीख पुढची निवडली म्हणून अर्जही पुढे ढकलावा, असा अर्थ काढू नये. निर्णय यायला काही महिने लागू शकतात. मंजुरी इच्छित तारखेनंतर मिळाली तर कार्ड मंजुरीच्या दिवसापासून सुरू होते, पण पदवीनंतरची ओपीटी अभ्यासक्रम संपल्यापासून १४ महिन्यांच्या आत संपलीच पाहिजे अशी चौकट आहे. ज्याने जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात अर्ज केला आणि ज्याला ऑक्टोबरच्या मध्यावर मंजुरी आली, त्याला जेमतेम नऊ महिने उरतात. म्हणून अर्ज फेब्रुवारीत आणि तारीख जुलैची, ही जोडी नोकरी न मिळालेल्या विद्यार्थ्यासाठी सर्वांत सुरक्षित आहे.

प्रत्यक्ष अर्ज

अर्जाचा नमुना आय-७६५ या क्रमांकाचा आहे. पदवीनंतरच्या ओपीटीसाठी त्यात पात्रतेचा प्रकार (सी)(३)(बी) असा भरायचा असतो. (सी)(३)(ए) हा प्रकार पदवीपूर्वीच्या ओपीटीचा आणि (सी)(३)(सी) हा स्टेम मुदतवाढीचा आहे. चुकीचा प्रकार निवडला तर सुधारण्यात आठवडे जातात, कधी नव्याने अर्ज करावा लागतो. अर्ज ऑनलाइन भरणे चांगले: पोचपावती लगेच मिळते आणि १ एप्रिल २०२४ पासूनच्या दरांनुसार ऑनलाइन शुल्क ४७० डॉलर, तर कागदी अर्जाचे ५२० डॉलर आहे. कामकाजाच्या ३० दिवसांत दखल घेतली जावी यासाठी आय-९०७ या वेगळ्या नमुन्यावर जलद प्रक्रियेची मागणी करता येते. तिचे शुल्क १ मार्च २०२६ पासून १,७८० डॉलर असल्याने, रुजू होण्याची तारीख जवळ आली असेल तरच ती करावी. दर बदलत असतात, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावरचा आकडा पाहावा.

सोबत जोडायची कागदपत्रे मोजकी आहेत: शिफारस असलेली आणि सही केलेली आय-२०, पासपोर्टचे माहितीचे पान, व्हिसा, आय-९४ ही प्रवेशाची नोंद, अलीकडे काढलेला दोन बाय दोन इंचांचा फोटो आणि आधी कधी कामाचे कार्ड मिळाले असेल तर त्याची प्रत. सीपीटी केली असल्यास त्या काळातल्या आय-२० सुद्धा जोडाव्यात. फोटो व्हिसाच्या वेळचा, दोन वर्षे जुना लावू नये.

नावाबाबत मात्र थोडे थांबून पाहावे लागते. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो, आणि अनेक पासपोर्टांत स्वतःचे व वडिलांचे नाव एकाच रकान्यात छापलेले असते. विद्यापीठाने प्रवेशाच्या वेळी त्यातले वडिलांचे नाव गाळलेले असले, तर आय-२० एक नाव सांगते आणि पासपोर्ट दुसरे. ओपीटीचे कार्ड पुढे सोशल सिक्युरिटी क्रमांक (पगार आणि करासाठी लागणारा सरकारी क्रमांक), वाहन परवाना, बँक खाते आणि नोकरीची नोंद या सगळ्यांना पाया ठरते, म्हणून शिफारस घेण्यापूर्वीच डीएसओला सेव्हिसमधले नाव पासपोर्टप्रमाणे करायला सांगावे. ज्या मुलींचे शिक्षण चालू असताना लग्न झाले आहे आणि पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे, त्यांनी अर्ज पासपोर्टवरील नावानेच करावा. नाव बदलायचेच असेल तर ते नंतर, सवडीने करावे.

पत्त्याचाही विचार आधीच करावा. मे महिन्यात बहुतेकांचे भाड्याचे घर सुटते आणि कार्ड मात्र त्यानंतर टपालाने येते. सहा महिने तरी बदलणार नाही असा पत्ता द्यावा. मावशीच्या किंवा मित्राच्या घरचा पत्ता देताना अर्जातील ‘केअर ऑफ’ या रकान्यात त्या घरमालकाचे नाव लिहावे, नाहीतर टपालपेटीवर नाव नाही म्हणून पाकीट परत जाऊ शकते. पत्ता बदललाच तर १० दिवसांच्या आत यूएससीआयएस आणि डीएसओ या दोघांनाही कळवावे लागते.

सोशल सिक्युरिटी क्रमांक अजून काढलेला नसेल तर त्याची मागणी याच अर्जात करता येते.

निर्णयाची वाट पाहताना

अभ्यासक्रम संपल्यापासून कार्ड सुरू होईपर्यंतच्या काळात कोणतेही काम करता येत नाही, आणि या कोणत्याही शब्दाची व्याप्ती समजून घेणे गरजेचे आहे. ऐरोली, महापे किंवा वागळे इस्टेटमधील ज्या कंपनीत विद्यार्थ्याने जाण्यापूर्वी दोन-तीन वर्षे नोकरी केलेली असते, तिथला जुना वरिष्ठ कधी कधी विचारतो की दोन महिने घरूनच थोडे काम करशील का, पैसे इथल्याच खात्यात जमा करू. काम करणारी व्यक्ती अमेरिकेत बसलेली असताना पैसे भारतीय खात्यात जमा झाले, म्हणून प्रश्न सुटत नाही. हे विनापरवाना काम मानले जाऊ शकते आणि त्याची झळ पुढच्या प्रत्येक अर्जाला लागते. विनम्रपणे नकार द्यावा.

विद्यापीठाचा आरोग्य विमा बहुधा पदवीबरोबर किंवा त्या सत्राबरोबर संपतो. नोकरीतला विमा सुरू होईपर्यंतच्या महिन्यांसाठी वेगळा विमा घ्यावा आणि त्याचा खर्च आधीच अंदाजपत्रकात धरावा. अमेरिकेतील रुग्णालयाचे एक बिल शैक्षणिक कर्जाच्या अनेक हप्त्यांएवढे होऊ शकते.

कार्ड आल्यावर

कार्डावरील नाव, जन्मतारीख, प्रकार आणि दोन्ही तारखा त्याच दिवशी तपासाव्यात. काम आठवड्याला किमान २० तासांचे आणि पदवीशी थेट संबंधित असले पाहिजे. पहिल्या १२ महिन्यांत हे काम बिनपगारी असले तरी, कामगार कायद्याचा भंग होत नसेल तर, ते मोजले जाते; स्वतःचा व्यवसायही चालतो. प्रत्येक नोकरीसाठी पदाचे नाव, तारखा, आठवड्याचे तास, वरिष्ठाचे नाव आणि हे काम आपल्या अभ्यासाशी कसे जोडलेले आहे याचे चार-पाच ओळींचे टिपण, असे एक फोल्डर सुरुवातीपासून ठेवावे. पुढे स्टेम मुदतवाढ, व्हिसाची मुलाखत आणि एच-१बी हा नोकरीचा व्हिसा, या तिन्ही वेळी ते लागते.

ओपीटी सुरू झाल्यावर सेव्हिसशी जोडलेल्या एका पोर्टलचे खाते उघडण्यासाठी विद्यार्थ्याला ई-मेल येतो. नोकरी, कंपनीचा पत्ता किंवा राहण्याचा पत्ता यांतला प्रत्येक बदल १० दिवसांच्या आत तिथे नोंदवावा लागतो. कंपनीने आपले नाव कळवले असेल, असे गृहीत धरू नये. नोंद नसेल तर नोकरी चालू असूनही सरकारी प्रणालीत विद्यार्थी बेरोजगारच दिसतो. मे २०२५ मध्ये नोकरीची नोंद न केलेल्या ओपीटीवरील विद्यार्थ्यांना सूचनापत्रे पाठवण्यात आली होती.

बेरोजगारीच्या याच ९० दिवसांच्या मुदतीत घरचे ताण आणि नियम यांची गाठ पडते. राष्ट्रीयीकृत बँकांच्या शैक्षणिक कर्जाचे हप्ते साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होतात, त्यामुळे ओपीटीचे वर्ष संपत येते तेव्हाच हप्ताही दारात उभा राहतो. अशा वेळी साठावा-सत्तरावा दिवस उलटलेल्या मुलाला कोणीतरी सांगते की अमुक कन्सल्टन्सी पैसे घेऊन कागदोपत्री नोकरी दाखवते. हा सल्ला कितीही जवळच्या माणसाने दिला तरी घेऊ नये. फिनड्रीम आणि सिनोकॉनटेक या नावांनी ओपीटीवरील विद्यार्थ्यांना अशीच खोटी नोकरी दाखवल्याचे प्रकरण २०१९ मध्ये अमेरिकी न्यायालयात गेले, आणि ज्यांच्या नोंदीत ही नावे होती अशा विद्यार्थ्यांना पुढे व्हिसा मिळवताना त्याची किंमत मोजावी लागली. दिवस कमी उरले असतील, तर आपल्या विषयात आठवड्याला २० तास प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत किंवा एखाद्या सामाजिक संस्थेत बिनपगारी पण खरे काम मिळवणे, हा सरळ मार्ग आहे. पालकांनीही, बँकेशी बोलून हप्त्याबाबत काय करता येते ते आम्ही पाहतो, असे मुलाला वेळेवर सांगावे. त्या एका वाक्याने मुलगा चुकीच्या कागदावर सही करण्यापासून वाचू शकतो.

पगारातून होणाऱ्या कपातीकडेही लक्ष द्यावे. एफ-१ वरील विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षे करासाठी साधारणपणे अनिवासी धरला जातो, आणि त्या काळात त्याच्या पगारातून सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतन) व मेडिकेअर (वृद्धांचा आरोग्य विमा) यांची मिळून ७.६५ टक्के कपात व्हायला नको. कंपनीचा पगार विभाग कधी कधी नकळत ती करतो. तसे झाल्यास पहिल्याच पगारपत्रकानंतर सांगावे. अनिवासी विद्यार्थ्याने १०४०-एनआर आणि ८८४३ हे नमुने भरायचे असतात. भारत-अमेरिका करकराराच्या २१व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावट घेता येते, जी इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही.

स्टेमची २४ महिन्यांची मुदतवाढ

अभ्यासक्रमाच्या नावावरून तो स्टेम आहे की नाही हे ठरत नाही. आय-२० वर छापलेल्या सीआयपी, म्हणजे अभ्यासक्रमाच्या सरकारी वर्गीकरणाच्या, क्रमांकावरून ठरते. एकाच नावाचा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम एका विद्यापीठात ५२.१३०१ या स्टेम क्रमांकाखाली असतो आणि दुसऱ्या विद्यापीठात नसतो, म्हणून हा क्रमांक प्रवेश घेण्याआधीच पाहावा. आताची पदवी स्टेम नसेल पण आधीची स्टेम पदवी असेल तर तिच्या आधारेही, काही अटींवर, मुदतवाढ मागता येते. ती आधीची पदवी मात्र अमेरिकेतील मान्यताप्राप्त संस्थेचीच आणि गेल्या १० वर्षांतली असावी लागते. नेरुळ किंवा खारघरच्या महाविद्यालयातून घेतलेली मुंबई विद्यापीठाची बी.ई. इथे उपयोगी पडत नाही.

अर्ज चालू कार्ड संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो आणि तो कार्ड संपण्यापूर्वी पोहोचलाच पाहिजे. इथे डीएसओच्या शिफारशीनंतरची मुदत ६० दिवसांची असते. वेळेत केलेला अर्ज प्रलंबित असेपर्यंत, जास्तीत जास्त १८० दिवस, काम चालू ठेवता येते. कंपनी ई-व्हेरिफाय या सरकारी पडताळणी योजनेत नोंदलेली असली पाहिजे, काम पगारी असले पाहिजे, आणि आय-९८३ या नमुन्यावर प्रशिक्षणाचा आराखडा विद्यार्थी व कंपनी या दोघांनी सही करून द्यायला हवा. हा आराखडा लिहिण्यात कंपनीचा मनुष्यबळ विभाग बराच वेळ घेतो, म्हणून विषय चार महिने आधी काढावा. त्यानंतर दर सहा महिन्यांनी माहितीची पुष्टी आणि वर्षाअखेर व शेवटी मूल्यमापन द्यावे लागते. बेरोजगारीची मर्यादा दोन्ही काळ मिळून १५० दिवस होते. ज्या कंपनीच्या नावाने आराखडा आहे, तीच कंपनी प्रत्यक्ष प्रशिक्षण देणारी हवी. कामगार पुरवणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांच्या बाबतीत नेमका इथेच पेच पडतो.

मध्येच घरी येऊन जायचे असेल तर

गणपती, दिवाळी, बहिणीचे लग्न. घरच्यांची ओढ समजण्यासारखी आहे, पण तिकीट काढण्यापूर्वी विद्यार्थी कोणत्या टप्प्यावर आहे हे विचारावे. अर्ज प्रलंबित असताना बाहेर जाणे कायद्याने बंद नसले तरी त्यात जोखीम आहे, आणि ते टाळावे असेच मी सांगेन. कार्ड मिळाल्यावर परतताना कार्ड, सहा महिन्यांच्या आत डीएसओची प्रवासासाठी सही घेतलेली आय-२०, नोकरीचे पत्र, वैध पासपोर्ट आणि वैध एफ-१ व्हिसा हे सर्व हातातल्या पिशवीत असावे. नोकरी नसताना भारतात घालवलेले दिवस त्या ९० दिवसांत मोजले जातात. नोकरी असताना घेतलेली मंजूर रजा मोजली जात नाही.

व्हिसाची मुदत संपली असेल तर मात्र वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात नव्याने व्हिसा घ्यावा लागतो. २ सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीतून मिळणारी सूट बहुतेक अर्जदारांसाठी बंद झाली आहे, आणि जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना आपली समाजमाध्यमांवरील खाती सर्वांना पाहता येतील अशी ठेवायला सांगितले जाते. मुलाखतीची तारीख आणि त्यानंतरची पडताळणी यांत किती आठवडे जातील याचा भरवसा नसतो. अशा विद्यार्थ्याने पंधरा दिवसांची रजा काढून येणे धोक्याचे आहे. लग्न त्याच्याशिवाय करावे लागले तरी चालेल.

ओपीटी संपताना

कंपनीने एच-१बी साठी विद्यार्थ्याचे नाव दिले, सोडतीत ते निघाले आणि ओपीटी चालू असतानाच एफ-१ वरून एच-१बी वर स्थितीबदलाच्या मागणीसह अर्ज दाखल झाला, तर मधली फट भरून काढणारी कॅप-गॅप सवलत मिळते. १७ जानेवारी २०२५ पासून ती पुढच्या १ एप्रिलपर्यंत चालते, पूर्वी ती १ ऑक्टोबरपर्यंतच होती. एच-१बी ची दरवर्षीची मर्यादा ६५,००० आणि अमेरिकेतील पदव्युत्तर पदवीधारकांसाठी आणखी २०,००० अशी आहे, त्यामुळे एकाच सोडतीवर सगळी भिस्त ठेवता येत नाही.

सोडतीत नाव निघाले नाही आणि मुदतवाढही उरली नाही, तर ओपीटी संपल्यापासून ६० दिवस मिळतात. या दिवसांत काम करता येत नाही आणि एकदा देशाबाहेर गेल्यावर त्यांच्या आधारे परत येता येत नाही. हा काळ ३० दिवसांवर आणण्याचा आणि एफ-१ वरील वास्तव्याला ठराविक मुदत घालण्याचा प्रस्ताव ऑगस्ट २०२५ मध्ये मांडण्यात आला होता, म्हणून आपल्या तारखेला कोणता नियम लागू आहे ते डीएसओकडून लेखी विचारून घ्यावे. पुढचे शिक्षण घ्यायचे असेल तर सेव्हिसची नोंद नव्या संस्थेकडे याच काळात वर्ग करावी लागते. परत यायचे असेल तर निघण्यापूर्वी डीएसओला कळवावे, आय-२० च्या सर्व प्रती, कार्ड, पगारपत्रके आणि करपत्रांच्या प्रती सोबत आणाव्यात, आणि त्या वर्षाच्या कराचा परतावा जमा होईपर्यंत तिथले बँक खाते बंद करू नये; परताव्याचा अर्ज पुढच्या एप्रिलपर्यंत ठाण्याहूनही भरता येतो.